डॉक्टरकडे जायचे कपडे

"थांब, नीट तयार होते," ती म्हणायची. लग्नाला नव्हे हो, डॉक्टरकडे जायला!

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका इन्शुरन्स ऑफिसात ती माझ्या शेजारी टायपिंग करायची. कृष्णवर्णीय, पंचविशीतली, हसली की अख्खं ऑफिस वळून बघायचं. साधा खोकला दाखवायला जायचं असलं तरी चर्चला जायचा इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात मोत्यांची माळ, लिपस्टिक. मी चिडवायची, "अगं, डॉक्टर नवरा पटवायचाय का?"

एकदा ती न हसता म्हणाली, "साध्या कपड्यांत गेले की माझं कुणी ऐकूनच घेत नाही. आईनं शिकवलंय, नीटनेटकं जायचं, हळू बोलायचं, कुरकुर करायची नाही." आणि तब्येतीचं विचारलं की, "उभी आहे ना मी? कामावर आलेय ना? मग बरीच आहे!" मला हे काही पटायचं नाही. आम्ही डॉक्टरसमोर राईचा पर्वत करणारी माणसं.

तिला सातवा महिना होता. एका दुपारी टाइप करता करता ती थांबली. डोकं फुटतंय म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. चेहरा सुजलेला. मी पर्स उचलली. "चल, मी ड्राइव्ह करते." तर बाईसाहेब म्हणतात, आधी घरी, कपडे बदलायचे! माझं डोकंच फिरलं, पण ती ऐकेना. ती तयार होईपर्यंत मी गाडीत दातओठ खात बसले.

इमर्जन्सीच्या काउंटरवर ती गोड हसली. "थोडं डोकं दुखतंय, मॅडम."

नर्सनं वर पाहिलं. "छान दिसताय की! बसा, बोलावते."

बसलो. आमच्यामागून आलेला, बोट कापलेला एक माणूस बोंबलत आत गेलासुद्धा. मी तिला कोपरानं ढोसलं. "अगं, खरं काय ते सांग ना तिला!"

"ओरडले तर म्हणतील, ह्या काळ्या बायका अशाच," ती पुटपुटली. पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "सकाळपासून बाळ हललं नाहीये गं."

मी उठणार, तोच ती उठली. भिंत धरत काउंटरपाशी गेली आणि किंचाळली, "मला दोन-दोन दिसतंय! माझं बाळ हलत नाहीये! प्रेशर बघा, आत्ताच्या आत्ता!" सगळा हॉल वळून बघायला लागला. नर्सनं प्रेशर घेतलं मात्र, तिचा चेहराच उतरला. स्ट्रेचर धावत आलं.

दोघी वाचल्या. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. पुढे तिला घेऊन ती अमेरिकेच्या दक्षिणेत आईकडे राहायला गेली. ऑफिसात परत आलीच नाही. मला तिची फार आठवण यायची, अजून येते.

ती हॉस्पिटलात होती तेव्हा तिची आई लांबून बसनं आली होती. वॉर्डाबाहेर ताठ उभी होती. मी सगळं सांगितलं.

"ओरडली?" त्यांनी विचारलं. "माझी मुलगी? सगळ्यांसमोर?"

"हो, मावशी," मी चक्क मराठीत म्हटलं आणि मान हलवली.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. माझा हात घट्ट धरला.

"हिच्या आधी मला एक मुलगा झाला होता," त्या म्हणाल्या. "मला नाही ओरडता आलं."