माझ्या वजनाचा गूळ

खोटं बोलायला जागा पाहावी, अन् मी पाहिली ती थेट अंबादेवीची पायरी. वय वर्षं दहा. पण त्या खोट्यावर माझी सारी शाळा उभी आहे, म्हणून लाज वाटली तरी पस्तावा म्हणून नाही.

आमचं गाव बडनेऱ्याच्या पलीकडे. वांगी, मेथी, मिरची पिकवायची आणि अमरावतीच्या बाजारात विकायची, हे घरचं काम. गावची शाळा चौथीला संपे. नकाशात वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं आणि राजधानी नागपूर, एवढा भूगोल घेऊन मी चुलीपाशी बसणार होते. पण अमरावतीच्या मावशीनं निरोप धाडला, पोरीला माझ्याकडे ठेवा, मुलींच्या शाळेत पाचवीत घालू. बाबा हो म्हणाले. माय अडून बसली.

"आधी नवस फेडा. मंगच पोरगी घराबाहेर पाय टाकीन."

नवस माझाच. मी सहा महिन्यांची असताना मला ताप भरला, श्वास चालेना. बाबांनी भर उन्हात गाडी शहरातल्या दवाखान्याकडे हाकली, आणि माय वाटभर देवाला हाका मारत राहिली: पोरगी वाचली तर तिच्या वजनाचा गूळ वाहीन. मी वाचले. नवस मात्र राहून गेला. एका साली पीक बुडालं, एका साली बाळंतपण आलं. दर साली मी वाढत गेले आणि माझ्याबरोबर देवाचा गूळही. त्यात घोळ असा, की गूळ नेमका कोणत्या देवाला कबूल केला, हेच मायला आठवेना.

शाळा सोमवारी उघडणार होती. शनिवारी सकाळी बाबांनी दमणीत गुळाच्या भेल्या घातल्या, भाजीचा मोठा तराजू घातला आणि बैल जुंपले. "चाला, सारे देव हिंडू. ज्याचा असंन तो घेईन." मी पाटी छातीशी धरून मागं बसले.

पहिलं कोंडेश्वर. माय पिंडीपुढे बसली ती बसलीच. बाहेर येऊन म्हणाली, "नाही वो. इथं मन बोलत नाही."

"मन कावून बोलंन?" बाबा म्हणाले. "सकाळपासून तूच बोलून राहिली."

तिथून शहर. उन्हानं गूळ पाझरायला लागला, माशा मागं लागल्या. एकवीरेच्या देवळात तेच झालं. अंबादेवी तिथंच शेजारी. तिच्या पायरीवर माय मटकन बसली आणि रडायलाच लागली. "चुकीच्या देवाले देल्लं तं खऱ्याचं राहीन ना. माह्या पोरीचं काही वाईट झालं तं?"

मला तिची दया यायला हवी होती. मला आला राग. माझा सोमवार हातचा जात होता! इतक्यात ती माझ्याकडे वळली. "तुह्यासाठी मागतलं होतं. तूच सांग वं, कोनतं?"

मावशीचं घर तिथून दोन गल्ल्या. "हेच," मी म्हणाले. "मले आतून वाटते." आत भुकेशिवाय काही नव्हतं.

बाबांनी बैल सोडले, दमणीची धुरा वर उभी करून तिला तराजू टांगला. एका पारड्यात गूळ. दुसऱ्यात, जिथं रोज वांगी बसायची, तिथं मी. सगळ्या भेल्या संपल्या तरी माझं पारडं अंगठाभर खालीच.

"तिसरी भाकर खायाले कोनं सांगतली होती हिले?" बाबा म्हणाले. जमलेले लोक हसले.

"अवो, पाटी!" माय ओरडली. "पाटी घेऊन बसली ना ते!"

मला ती सोडवत नव्हती. शेवटी दिली. पारडी सारखी झाली. मायनं पाटी पदरानं पुसली आणि माझ्यासारखीच छातीशी धरली.

देवीपुढून प्रसादाची भेली परत आली. बाबांनी खडा फोडून आधी मायपुढे केला.

"मायले गोड आवडत नाही," मी म्हणाले. घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते. संक्रांतीला ती आम्हाला तीळगूळ वाटायची आणि स्वतः कोरडी भाकर खायची.

"कोनं सांगतलं तुले?" बाबा म्हणाले. "लगनात आली तवा डब्यातला गूळ चोरून खाये. तू बिमार पडली अन् सोडला. नवस फिटेस्तोवर तोंडात घालनार नाही म्हने."

दहा वर्षं! तिच्यासमोर बसून मी गूळपोळ्या हाणल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज इतकी वर्षं झाली, पण तिच्या उपकारांची आठवण आली की आधी जिभेवर गूळच येतो.

मायनं खडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "तसाच लागते वं अजून," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखा पुन्हा हात पुढे केला. मी माझ्याही वाटचा खडा तिला दिला.

सोमवारी मी शाळेत गेले. ते देऊळ मी असंच सांगितलं होतं, हे मायला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. कळलं असतं तर तिनं पुन्हा गूळ सोडला असता.