माझ्याच शेळ्यांना मी वळख दिली न्हाई

बसा, चहा होऊ द्या. आता तुमी घरचेच म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू नका. म्हणजे सांगितलं तरी काय फरक पडतो, सगळ्या साखरा गावाला माहीत हाय! मी माझ्या हातानं माझी अशी फजिती करून घेतली, की अजून नळावर बाया मला बघून पदर तोंडाला लावतात.

आधी माझा स्वभाव ऐका. मी नाकावर माशी बसू देत न्हाई. काहून बसू द्यावी? आमचे हे दुसऱ्याच्या वावरात राबले, त्यावर घर चाललं. आन् मी अकरा शेळ्या राखून लेक नर्स केली, बरं का! आज माझी वैशाली हिंगोलीच्या दवाखान्यात पांढरा ड्रेस घालून फिरती. मोठमोठे डॉक्टर तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारतात. छाती अशी फुगती ना माझी!

पण मागच्या साली तिला एक स्थळ आलं व्हतं. त्या लोकांनी आमची पत्र्याची खोली बघितली, अंगणातल्या लेंड्या बघितल्या, नाकाला रुमाल लावला आन् चहाला हात न लावता निघून गेले. पोरीकडं बघितलंबी न्हाई! लई लागलं मनाला. तवाच ठरवलं, पुढच्या पाव्हण्याला आपली गरिबी दिसूच द्यायची न्हाई.

झालं! वसमतचं स्थळ आलं. पोरगा मास्तर. ऐतवारी बघायला येणार म्हनले, आन् मी शनिवारपासून गावभर फिरले. गल्लीतल्या कमलबाईकडून पेले आणले. शेजारच्या रहीमभाईकडून खुर्च्या आन् ताटल्या. अंगणवाडीच्या ताईकडून मोठा ट्रे. कुणीबी न्हाई म्हनलं न्हाई. कमलबाईनं तर पेले घासूनपुसून दिले. आन् शेळ्या? त्या रहीमभाईच्या मागच्या गोठ्यात नेऊन कोंडल्या. अंगण असं झाडलं, की लेंडी औषधाला सापडू नये.

वैशाली म्हनली, "माय, काहून करून राहिली हे सगळं? हाय तसं दिसू दे ना."

"तू गप बस. तुला दुनिया कळत न्हाई."

बघा! दवाखान्यात रोज शंभर तऱ्हेची माणसं बघणाऱ्या पोरीला मी हे शिकवून राहिले व्हते.

पाव्हणे आले. पोरगा, त्याची आई आन् वडील. वडील कोण असावेत? रिटायर पोस्टमन! जन्म गेला नावं वाचण्यात. नाव दिसलं की वाचणार, आन् वाचलं की चौकशी करणार. मला काय माहीत?

तुमाला ठाऊकच हाय, आपल्याकडं स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून घेतात. मी पेले पुसले, उजेडात धरून बघितले. सातवी पास बाई मी, पण वाचायचं काई सुचलं न्हाई!

पोस्टमन पाव्हण्यांनी पाणी पिलं आन् पेला डोळ्यासमोर धरला. "सौ. कमलबाई... या कोण?"

"माझी नणंद!" मी ठोकून दिलं. "लई माया तिची."

आमच्या ह्यांना जोराचा ठसका लागला. लागणारच. ह्यांना बहीणच न्हाई!

मंग पोहे आले. पाव्हण्यांनी चार घास खाल्ले तसं ताटलीच्या तळाचं नाव उघडं पडलं. "शेख रहीम... हे?"

"माझा मानलेला भाऊ! दर राखीला येतो."

"वा वा, बराबर हाय. माणूस जोडावा," पाव्हणे म्हनले. मला वाटलं, सुटले एकदाची.

कशाची सुटते! वैशाली चहा घेऊन आली. कप उचलले, ट्रे रिकामा झाला, आन् पाव्हण्यांनी चष्मा पुसला. "अंगणवाडी केंद्र, क्रमांक दोन."

आता सांगा, अंगणवाडीला कोणत्या नात्यात बसवू? सरकार काय माझा मामा लागतो?

"ते... ते बक्षीस हाय!" मी म्हनलं. "वैशालीचा अंगणवाडीत पहिला नंबर आला व्हता!"

वैशालीनं कपाळाला हात लावला. पोरगा मान खाली घालून हसून राहिला. आन् मी घाबरले की माझा आवाज चढतो. चढला की थेट वेशीपर्यंत जातो. रहीमभाईचा गोठा तर भिंतीपलीकडंच! चार वाजले व्हते, शेळ्यांची पेंड खायची वेळ. त्यांनी माझा आवाज ऐकला, फाटकाला धडका दिल्या, आन् अकराच्या अकरा घरात!

राणी सगळ्यात पुढं. तिचं पिल्लू टुणकन खुर्चीवर. एकीनं तर पोस्टमनसायबाच्या ताटलीत तोंड घातलं.

"हाड! हाड!" मी उठले. "कुणाच्या हाईत गं या? लोकांना जित्राबं सांभाळता येत न्हाईत!"

जेवढी मी ओरडू, तेवढ्या त्या जवळ येऊ लागल्या. राणी माझ्या अंगाला अंग घासू लागली. मी तिला ढकललं. "व्हय बाजूला! वळख ना पाळख!"

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. खोटं न्हाई सांगत, मीच तोंड फिरवलं.

तवा वैशाली पुढं आली. राणीच्या गळ्यात हात टाकला आन् म्हनली, "काका, या शेळ्या आमच्याच. यांच्यावर माझं शिक्षण झालं. पेले कमलमावशीचे, ताटल्या न् खुर्च्या रहीमचाचाच्या, ट्रे अंगणवाडीचा, उद्या लेकरांच्या खिचडीला परत द्यायचा हाय. आमचं म्हणाल तर ही खोली, माझे मायबाप आन् या शेळ्या. मला याची लाज वाटत न्हाई. तुमाला पटत असंल तर बसा, न्हाईतर चहा पिऊन जा."

मला वाटलं, गेलं हेबी स्थळ! माझ्यापायी गेलं!

पोस्टमनसायबानं चहा बशीत ओतला, फुर्रकन पिला, आन् मला विचारलं, "बाई, काहून लपवल्या शेळ्या?"

आता काय लपवायचं राहिलं व्हतं? "पाव्हणे, लोक गरिबाला हलकं धरतात. शेळीचा वास आला की नाक दाबतात."

"कोण लोक?"

मी मागच्या सालचे पाव्हणे सांगितले.

"ते तर गेले. आज कोणी हलकं धरलं?"

मी आठवू लागले. कमलबाईनं? न्हाई. रहीमभाईनं? त्यानंबी न्हाई.

"काका," वैशाली म्हनली, "त्या लोकांतलं एक माणूस इथंच उभं हाय. आमची माय!"

काय हसले सगळे! आमचे हे सगळ्यात मोठ्यानं. हसता हसता पोराच्या आईनं राणीचं पिल्लू उचलून आपल्या भारी साडीवर मांडीत घेतलं आन् म्हनली, "आमाला पोरगी पसंत हाय." पोराला विचारलं, तर तो म्हनतो, "आधी त्यांना विचारा, मी पास झालो का." वैशाली लाजली. तिला असं लाजताना मी पहिल्यांदा बघितलं.

मला तर असा जोर चढला! कमरेला पदर खोचला आन् म्हनलं, "पाव्हणे, आता ऐका! माझी लेक वाघीण हाय. आजपासून या घरात लपवाछपवी न्हाई. जे हाय ते आमच्या घामाचं, आन् जे दिसून राहिलं ते आमचंच!"

तेवढ्यात दारात कमलबाई. "झालं का गं तुझं? लवकर सोड माझी साडी. मला हिंगोलीच्या जीपनं जायचं हाय, बारसं हाय माझ्या भाचीकडं!"

मी जमिनीत जाऊ का पत्र्यावर चढू?

आन् आमचे हे, जे सालभरात चार शब्द बोलत न्हाईत, ते नेमके बोलले. हात जोडून म्हनले, "पाव्हणे, साडी जाऊ द्या. आतली बाई तेवढी आमच्याच घरची हाय."