उपरण्याखालचा सौदा

आमचे इतिहासाचे सर अमळनेरच्या कॉलेजात नवे होते आणि त्यांची नोकरी अजून कच्ची होती. नुकतंच संपलेलं महायुद्धही ते आमच्या शेतापासून शिकवायला घेत. "तुमचा कापूस जपानला जायचा ना? मग ही लढाई परकी कशी?" असं म्हणून खडूचा हात धोतराला पुसत.

त्यांना कायम करायचं की नाही, हे ठरवायला एक वयस्कर पाहुणे वर्गात आले. "राष्ट्रं का लढतात?" त्यांनी आम्हाला विचारलं.

सरांनी आपलं उपरणं माझ्या आणि शेजाऱ्याच्या हातांवर टाकलं. कापूसबाजारात दलाल असेच रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात.

"तू शेतकरी, हा जपानी व्यापारी. बाकीचे सगळे इंग्रज. करा सौदा."

आमची बोटं हलू लागली तसे मागचे उठून उभे राहिले.

"भो, आमनाविरुद्ध काय ठरी राहिनं?" आमच्याविरुद्ध काय ठरतंय, असं एकाने अहिराणीत दरडावलं. दुसऱ्याने उपरणंच ओढलं.

"झाली लढाई सुरू," सर शांतपणे म्हणाले.

पाहुणे पोट धरून हसले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या मुलांना जर्मनी कसा शिकवाल, तेही बघायला येईन."

सगळा वर्ग बाकं बडवू लागला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सर्वांत जोरात मीच बडवलं.