सुतळीच्या दोन गाठी

जिन्याखालच्या बेसिनसाठी दिवा आणि आरसा घ्यायला मी रिसोडच्या दुकानात गेलो होतो. तिथे एक म्हातारे गृहस्थ सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून ती भिंतीवरच्या एकेका आरशावर ताणून पाहत होते. सुतळीला दोन गाठी होत्या. मला राहवेना.

"काका, ह्या गाठी कायच्या?"

"वरची माह्या डोयाइतक्या उंच, खालची बुढीच्या. आरशात दोघंबी मावलो पाह्यजे."

दिवा त्यांनी पिवळा घेतला. "पांढऱ्यात बुढी बिमार दिसते," म्हणाले.

मी हातातला पांढरा दिवा मुकाट्यानं परत ठेवला आणि बायकोला फोन लावला.

"तुहे डोये जमिनीपासून किती उंच हायेत?"

ती हळूच म्हणाली, "तब्येत बरी हाय ना तुमची?"