खंडेनवमीनंतरचं कुलूप

बाळांनो, वाढदिवसाला तुम्ही पाठवलेलं गिफ्ट कार्ड मी परत करते आहे. राग तुमच्यावर नाही. पण इथल्या नुंगंबाक्कम भागातल्या ज्या काचेच्या इमारतीतल्या दुकानात ते चालतं, तिथे मी पाऊल ठेवणार नाही.

त्या जागी एक जुनी इमारत होती. पहिल्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास, खाली शिंपी, वर दातांचे डॉक्टर. मालकाच्या मुलाला इमारत पाडायची होती आणि आम्ही भाडेकरू जागा सोडत नव्हतो.

आपली खंडेनवमी ती इथल्या तमिळ लोकांची आयुधपूजा. त्या दिवशी आम्ही आपापली हत्यारं तळमजल्यावर जिन्याखाली एकत्र मांडायचो : माझे टाइपरायटर, शिंप्याचं मशीन, डॉक्टरांचे चिमटेसुद्धा. सगळ्यांना गंध, फुलं. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. हे त्या मुलाला पक्कं माहीत होतं. लहानपणापासून प्रसादाचे चुरमुरे खायला तो सगळ्यांच्या आधी हजर असे. त्या वर्षीही आला, खाऊन गेला.

दसऱ्याला सकाळी आम्ही पोचलो तर फाटकाला नवं कुलूप आणि ‘इमारत धोकादायक’ अशी पाटी. तो बाहेर गाडीला टेकून उभा होता.

“आमची हत्यारं आत आहेत,” मी म्हटलं.

“जुनं सामान आहे, आंटी. एवढं काय?”

“तुझा शाळेचा पहिला गणवेश त्या मशीनवर शिवलाय.”

“तेच म्हणतोय. किती जुनं झालंय बघा.”

शिंपी माझ्या शेजारी होता. तो हात जोडून म्हणाला, “तंबी, बाळा, फक्त मशीन दे. जागा ठेव तुला.” त्याच्याकडे मुलानं पाहिलंही नाही.

आम्ही पोलिसांकडे गेलो, वकिलाकडे गेलो. फाटक उघडलं तेव्हा इथला दिवाळीच्या सुमाराचा पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. आमची हत्यारं मागच्या अंगणात उघड्यावर टाकलेली होती. मशीनचं चाक गंजून घट्ट बसलं होतं. शिंप्यानं एकदा जोर लावला आणि हात काढून घेतला. इमारत पाडली त्या दिवशी बघायलाही तो आला नाही.

आता तो अंबत्तूरच्या एका कारखान्यात दिवसभर नुसत्या कॉलरी शिवतो. यंदा आयुधपूजेनंतर घरी आला होता. मी विचारलं, पूजा झाली का तुमच्याकडे?

“झाली, अम्मा. मशिनं कंपनीची. गंध मॅनेजरनं लावलं. मी मागे उभा होतो.”

कार्डाचे पैसे परत मिळत असतील तर घ्या. नसतील तर जाऊ द्या. त्या जागेतलं मला काही नको.