दगडाची पाठ

"माका खबर ना," असं त्या बाई शाळेच्या पोरांसमोर उभ्या राहून मोठ्यानं सांगायच्या. मला माहीत नाही. नोकरी संग्रहालयात इतिहास सांगायची, पगार त्याचाच, आणि बाई सरळ सांगतात, माहीत नाही! पोरं खूश व्हायची. बरोबर आलेल्या मास्तरांची तोंडं आंबट व्हायची.

बाई पेडण्याकडच्या. दोन बस बदलून डिचोलीला यायच्या. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारायला मला तोंड राहिलेलं नाही. मी कोण? शिरगावला खाणीवर ट्रक चालवणारा. चौथी पास. खाणी बंद झाल्या तसा घरी बसलो. मला संग्रहालयाशी काय करायचं होतं? पण माझ्या परसातला दगड तिथं गेला आणि त्याच्यामागून मी गेलो.

संग्रहालय तीन खोल्यांचं. दर गुरुवारी एक शाळा यायची, आणि बाई त्यांना गोव्यातल्या धर्मांचा इतिहास सांगायच्या. सांगायच्या म्हणजे काय, राबवून घ्यायच्या. चिऱ्याचा एक तुकडा धोतरात बांधून ठेवला होता. तो पोराच्या डोक्यावर द्यायच्या. "पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा लोकांनी देव असे डोक्यावर घेऊन नदी ओलांडली. खाली टेकवायचा नाही. अंगणाला तीन फेऱ्या, चल."

"बाई, वाटेत मुताला लागली तर?"

"त्यांनाही लागली असेल. त्यांनी काय केलं?"

सगळी पोरं विचारात पडायची. एकदा एक पोरगी म्हणाली, "बाई, मी क्रिस्तांव. मी घेऊ?" बाई म्हणाल्या, "घे गो. मान सरळ ठेव." झालं. एवढंच. नाहीतर आमच्याकडे एवढ्या गोष्टीवर तासभर भाषण देणारे आहेत.

आता दगडाचं सांगतो. आमच्या विहिरीवर धुण्याचा दगड होता. माझ्या आईच्याही आधीपासूनचा. माझी बायको सुशीला लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्याच्यावर कपडे धूत होती. विहिरीचा कठडा बांधायला घेतला तेव्हा गवंड्यांनी पहार घालून तो दगड उलटा केला. खालच्या बाजूला मूर्ती. मांडी घातलेली, मांडीवर हात. तोंड कुणीतरी कधीचं फोडलेलं.

सगळा वाडा जमला. कुणी फुलं आणली, कुणी नारळ. एक म्हातारी सुशीलाला ऐकू जाईल असं बोलली, "तरीच ह्यांच्या घरात पाळणा हलला नाही."

सुशीला घरात गेली ती दोन दिवस जेवली नाही. म्हणायची, "देवाच्या पाठीवर तुमच्या चड्ड्या आपटल्या हो मी!" मला हसू येत होतं, आणि त्या म्हातारीचा गळा धरावासा वाटत होता. दोन्ही केलं नाही. मी असाच. वेळेवर काही करत नाही.

तिसऱ्या दिवशी संग्रहालयातून बाई आल्या. मूर्ती बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "धुणं कोण धुतं ह्याच्यावर?" सुशीला दारामागून बाहेर आली, जशी चोरी पकडली गेलीय. बाईंनी तिला खाली बसवलं आणि तिचा हात मूर्तीच्या हातावर ठेवला.

"बोटं लागतात?"

"होय."

"नखं?"

"होय."

"दगड पालथा राहिला म्हणून राहिली. पावसात उभा असता तर एव्हाना गेली असती."

"मग मला पाप लागलं की नाही?"

"ते माका खबर ना. बोटं राहिली, ते दिसतं."

त्या दुपारी सुशीला जेवली. पेज आणि सुकी मासळी. मी बाईंना देव मानायचा बाकी राहिलो.

संग्रहालयात बाईंनी तो दगड मधोमध ठेवला, चारी बाजूंनी फिरता येईल असा. पोरं विचारायची, हा बुद्ध, जैनांचा की आमचा? "तिन्ही म्हणणारे शहाणे लोक आहेत. माका खबर ना." कुणी फोडला? "मी नव्हते तिथं." मग पोरांना मागच्या बाजूला न्यायच्या. तिथं धुऊन धुऊन पडलेला खळगा, ताटलीएवढा, गुळगुळीत. "हात घाला. हा कुणी केला?" राजानं, पोर्तुगीजांनी, हत्तीनं, पोरं वाटेल ते सांगायची.

"सुशीलाबाईंनी. ह्या आजोबांच्या चड्ड्या धुऊन."

पोरं लोळायची हसून. एकदा सुशीला स्वतः होती तिथं. पदर तोंडावर धरून इतकी हसली की तिला खोकला लागला. पुढच्या वर्षी ती गेली. तोवर मी अधूनमधून जायचो, मग दर गुरुवारी जाऊन त्या दगडापाशी बसायला लागलो. पोरं यायच्या आधी खळग्यात हात घालून बसायचो. बाई बघायच्या आणि दुसऱ्या खोलीत जायच्या.

मग कुणा पालकाची तक्रार आली. देवाच्या मूर्तीवर चड्ड्या धुतल्या असं पोरांना सांगतात, भावना दुखावल्या. संग्रहालयाच्या साहेबांनी सभा घेतली. पांढऱ्या कपड्यातले पाच-सहा पुढारी, बाई, आणि मी. एकजण म्हणाला, "कसली बाई असेल ती, देवावर धुणं धुणारी!" साहेबांनी मला विचारलं, "आजोबा, हे खरं आहे का?"

माझ्या डोळ्यांसमोर ती म्हातारी आली. आता मेलेल्या सुशीलाला हे पुन्हा तेच बोलणार, एवढंच सुचलं. मी म्हणालो, "नाही. दगड नुसता पडून होता."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला खोटं पाडलं नाही. पाडायला हवं होतं! महिन्याभरात त्यांचं काम गेलं. कागदावर कारण लिहिलं, मनाने रचलेल्या गोष्टी सांगतात. जी बाई न कळलेलं कधी कळलं म्हणाली नाही, तिला हे! आणि मला, मूर्ती दिली म्हणून, शाल. ती शाल मी गोठ्यात टाकली.

दोन महिन्यांनी बसने पेडण्याला त्यांच्या घरी गेलो. दारातच सांगितलं, मी खोटं बोललो. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. तुम्हाला लाज कशाची वाटली? तिनं कपडे धुतले त्याची?"

मी उंबऱ्यावरच बसलो.

"जन्मभर तुमचे कपडे धुतले तिनं. तुम्ही म्हणालात, नाही धुतले."

मी उठायला लागलो तर ओरडल्या, "बसा! चहा ठेवलाय. राग आहे तो आहे." चहा दिला, बरोबर पोई, आमच्याकडचा पाव. साहेबांना जाऊन खरं सांगतो म्हणालो. "सांगा. पण माझ्यासाठी नको. मी काय परत जायची नाही."

जायला मला पावसाळा उलटला. का, विचारू नका. गेलो तर दगड भिंतीत बसवलेला. पुढे काच, मागे सिमेंट. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजोबा, आता सिमेंट लागलं."

त्या गुरुवारी शाळा आली होती. बाईंच्या जागी भिंतीवर भोंगा आहे. त्यातला पुरुष सगळं ठासून सांगतो, मूर्ती कुणाची, फोडली कुणी, कुठल्या साली. पोरं फोटो काढत होती. मी काचेपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, ह्याच्या मागे खळगा आहे, तो माझ्या बायकोनं केला, कपडे धुऊन, आणि मी ह्याच जागी ते नाही म्हटलं. भोंगा चालूच होता. निम्म्यांना ऐकू गेलं असेल. रखवालदारानं दंडाला धरून मला बाहेर आणलं.

बसस्टँडवरून बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. "उशीर केलात," म्हणाल्या आणि ठेवला. त्यानंतर माझा फोन त्यांनी उचललेला नाही. मीही उचलला नसता.

येत्या गुरुवारी आणखी एक शाळा आहे. मी जाणार.