कपाटातलं कॉलेज

ऑफिसात आयुष्य काढलं की फाइलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फाइली निदान वाळवी तरी खाते. माझे पहिले किस्से ठाण्याचे. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी निघालेलं नवं कॉलेज, आणि मी तिथला ज्युनिअर क्लार्क. डोंबिवलीहून यायचो. ऑफिसच्या खिडकीतून मिठागरं दिसत. त्या पांढऱ्या राशींकडे बघत मी एकच स्वप्न पाहायचो: आपण मुंबईला युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात लागलोय, आणि एक दिवस रजिस्ट्रार झालोय. हे फक्त आमच्या हेडक्लार्कना, अण्णांना ठाऊक होतं.

कॉलेज भरायचं एका शाळेत, तेही सकाळी. साडेअकराला इमारत शाळेच्या हवाली. एकदा दुपारी बाळकुमचे एक मिठागरवाले बाबा मुलाचं नाव घालायला आले. वर्गांत पोरं पाढे म्हणत होती. अण्णांनी सांगितलं, कॉलेज सकाळी असतं. बाबा बराच वेळ इमारतीकडे बघत राहिले. "मंग आता कुठं गेला कालेज?" त्यांनी विचारलं. मला आजही तो प्रश्न बरोबरच वाटतो.

युनिव्हर्सिटीची कमिटी तपासणीला आली आणि म्हणाली, विभाग दाखवा. खोल्या होत्याच कुठे? अण्णांनी शांतपणे कपाट उघडलं.

"वर संस्कृत, मधे इतिहास, त्याखाली गणित." सगळ्यात खालची फळी रिकामी होती. "तो भूगोल. पुढच्या वर्षी येणार आहे."

कमिटीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी वाकून भूगोल नीट पाहिला आणि मान डोलावली. मान्यता मिळाली!

प्राचार्य स्वतःच संस्कृतचे विभागप्रमुख होते. विभागप्रमुख म्हणून त्यांनी प्राचार्यांकडे स्वतंत्र कपाट मागितलं. अर्ज मीच आवक रजिस्टरात नोंदवला, मीच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शेरा मारला, 'सध्या शक्य नाही.' तो कागद मी परत त्यांनाच, विभागप्रमुख म्हणून, नेऊन दिला. वाचून ते इतके खट्टू झाले की दोन दिवस ऑफिसात चहाला आले नाहीत.

मीही एकदा घसरलो. दिवाळीच्या सुट्टीची नोटीस टाइप करताना तंद्री लागली, आणि माझ्या सहीखाली 'रजिस्ट्रार' असं टाइप झालं. नोटीस तीन दिवस फळ्यावर होती, कुणी हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी अण्णांनी ती काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "रजिस्ट्रार झालास, तर सुट्टी तरी वाढवायचीस."

पुढे खरंच युनिव्हर्सिटीत जागा निघाली. अर्ज ऑफिसमार्फत, म्हणजे अण्णांच्या शिफारशीनेच जायला हवा. अण्णांची एक रीत होती: तांबड्या शाईने दुरुस्त केल्याशिवाय ते कुठलाही कागद पुढे जाऊ देत नसत, अगदी प्राचार्यांचाही. पाच वर्षांत माझा एकही मसुदा त्यातून सुटला नव्हता. चूक दाखवायचे, बाजूला बसवून समजावायचे, पुन्हा लिहायला लावायचे. म्हणून मी चार दिवस खपून अर्ज लिहिला. मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

अण्णांनी तांबडी दौत उघडली, टाक बुडवला आणि अर्ज वाचला. पुन्हा वाचला. टाकावरची शाई वाळली तरी ते वाचतच होते. शेवटी मी विचारलंच, काय चुकलंय?

"काही नाही रे," अण्णांनी दौतीला बूच लावलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "एखादी चूक करून उद्या आण."